एडमंटनचा हिवाळा, तुमची गाडी आणि टोवाल्याच्या कागदावरची सही

नोव्हेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, गाडी घसरली, समोरच्याला लागली, आता काय करू?" मी काही वकील नाही, इन्शुरन्सवालाही नाही. फक्त २००९ ला नाशिकहून कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनला आलो आणि करता येण्यासारख्या जवळपास सगळ्या चुका करून बसलो, म्हणून लोक मला विचारतात. दरवर्षी नवीन माणसं तेच करतात, आणि मी दरवर्षी फोनवर तेच सांगतो, म्हणून या वेळी लिहूनच टाकतोय.

सगळ्यात आधी ज्याने माझे पैसे गेले ते सांगतो. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

दुसरा हिवाळा. जानेवारीतला शुक्रवार, संध्याकाळचे पाच म्हणजे बाहेर अंधारून आलेलं, मायनस २८. व्हाइटमड नावाच्या शहरातल्या मोठ्या रस्त्यावर पुढच्या पिकअपचे ब्रेकलाइट लागले, मी ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल थडथड उडायला लागलं. मला वाटलं गाडीचं काहीतरी मोडलं, आणि मी घाबरून पाय उचलला. (ते एबीएस होतं, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा. एबीएस असंच थडथडतं, तेव्हा पाय दाबून धरायचा, उचलायचा नाही. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.) गाडी शांतपणे, अगदी सावकाश, सरकत गेली आणि पिकअपच्या मागच्या लोखंडी हुकावर बसली. त्याला ओरखडासुद्धा नाही, माझा बंपर आत, रेडिएटर फुटला, खाली बर्फावर हिरवं कूलंट. पिकअपवाला उतरला, "यू ओके?" विचारलं, कागद दाखवले-बघितले आणि गेला. आपल्याकडे एव्हाना पन्नास माणसं जमली असती, दोघांनी माझी बाजू घेतली असती, दोघांनी त्याची. इथे कोणी थांबत नाही म्हणजे माणुसकी नाही असं मला त्या दिवशी वाटलं. तसं नाहीये, पण त्यावर पुढे.

तर दहा मिनिटांत एक टो ट्रक आला. मी बोलावला नव्हता! माणूस फार गोड. म्हणाला बाहेर कशाला गोठतोस, माझ्या केबिनमध्ये बस, हीटर चालू आहे. मग क्लिपबोर्ड पुढे केला. मी दाताने हातमोजा ओढून काढला, बोटं लाकडासारखी झालेली, पेन धरवेना, कशीबशी सही केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. गाडी गेली शहराबाहेरच्या कुठल्यातरी यार्डात. शनिवार-रविवार यार्ड बंद. सोमवारी इन्शुरन्सला फोन केला तेव्हा कळलं की माझ्या पॉलिसीत कोलिजन कव्हरच नाही (आपल्या चुकीने ठोकलं तरी आपल्या गाडीचे पैसे देणारं), महिन्याचे चाळीस डॉलर वाचवायला मीच काढून टाकलेलं. मग आता दुरुस्त करू की भंगारात देऊ या विचारात आणखी आठवडा गेला, आणि यार्डाचं मीटर रोजच्या रोज चालू होतं. टोचे वेगळे, ओढून काढायचे वेगळे, रस्ता साफ केल्याचे वेगळे, दिवसाचं भाडं वेगळं आणि वर गेट उघडायची फी. एकोणीसशे डॉलर आणि काहीतरी. गाडीच मुळात साडेपाच हजाराची होती. बायको तेव्हा काही बोलली नाही, अजूनही फार बोलत नाही, पण रस्त्यात टो ट्रक दिसला की माझ्याकडे बघते.

म्हणून सांगतो, न बोलावता आलेल्या टो ट्रकला हात जोडायचे आणि "नो थँक यू" म्हणायचं. सही करायची नाही. तुमच्या इन्शुरन्सच्या क्लेम विभागाचा फोन नंबर आणि रोडसाइडचा (रस्त्यात मदतीला येणाऱ्यांचा) नंबर आत्ता, हे वाचताना, फोनमध्ये सेव्ह करा. एएमए म्हणजे अल्बर्टा मोटर असोसिएशनची मेंबरशिप घेतली असेल तर त्यांना बोलवा, थंडीच्या लाटेत त्यांना यायला तास न् तास लागतात ते सोडा. रस्त्यात अडथळा होतोय म्हणून पोलिसांनीच टो मागवला तर गोष्ट वेगळी, तिथे वाद घालू नका, पण गाडी कुठल्या यार्डात चालली आणि दिवसाचं भाडं किती हे तिथल्या तिथे लिहून घ्या, आणि दुसऱ्याच दिवशी तिथून हलवा. सही करायची नाही. परत एकदा लिहितो कारण गेल्या वर्षी एका पोराला हे मी तोंडी सांगितलं होतं, आणि त्याने तरीही सही केली.

आता ठोकाठोकी झाल्यावर काय करायचं. कुणाला लागलं असेल तर ९११, त्यात विचार करायचा नाही. गाड्या चालत असतील तर आधी रस्त्याच्या कडेला घ्या. हेंडेवर, म्हणजे शहराभोवतीच्या रिंग रोडवर, मधल्या लेनमध्ये उतरून फोटो काढत बसणारे आपलेच लोक मी बघितलेत, मागून शंभरच्या स्पीडने येणाऱ्यालाही तोच बर्फ आहे हो. कडेला आल्यावर समोरच्याचं लायसन्स, नंबर प्लेट, पिंक कार्ड (इन्शुरन्सच्या कागदाला इथे हेच म्हणतात, रंग गुलाबी असो नसो), साक्षीदार असला तर त्याचा फोन, सगळ्याचे फोटो. थंडीत फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडते, त्यामुळे फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायचा.

दोन्ही गाड्यांचं मिळून नुकसान पाच हजार डॉलरच्या वर जाईल असं वाटलं की पोलिसांकडे किंवा कोलिजन रिपोर्टिंग सेंटरला रिपोर्ट करावा लागतो. आधी ही मर्यादा दोन हजार होती, १ जानेवारी २०२४ पासून पाच झाली, त्यामुळे जुनी माणसं अजून दोन हजार सांगतात. रिपोर्ट केला की गाडीवर स्टिकर लावतात, त्या स्टिकरशिवाय बॉडी शॉप अशा गाडीला हात लावत नाही. आणि पाच हजार म्हणजे फार वाटतात, पण हल्ली बंपरमध्ये सेन्सर, दिव्यात सेन्सर, नुसता हेडलाइट बदलायचा तरी डोळे पांढरे होतात. शंका आली तर रिपोर्ट करा.

सॉरी म्हणायला घाबरू नका. आपल्या ग्रुपवर एक महाभाग दरवर्षी लिहितात की सॉरी म्हटलं की गुन्हा कबूल. अल्बर्टाच्या कायद्यात स्पष्ट आहे की माफी मागणं म्हणजे चूक मान्य करणं नव्हे. या देशात सॉरीवर माणसं पकडायची ठरवली तर सगळा देश आत जाईल. फक्त "माझीच चूक होती, मी पैसे देतो" असलं भाषण तिथे ठोकू नका.

आणि कॅशमध्ये मिटवणं! हे आपल्या मंडळींचं फार लाडकं. "कशाला इन्शुरन्स, प्रीमियम वाढेल, पाचशे देऊन टाक, मिटव." समोरचा पाचशे घेतो, आठवड्याने त्याची मान दुखायला लागते, क्लेम करतो, तुमच्याकडे ना पावती ना फोटो. पार्किंगमध्ये आरशाला आरसा घासला तर ठीक आहे, त्याच्यापुढे नको.

इन्शुरन्सचं थोडं. १ जानेवारी २०२२ पासून अल्बर्टात डीसीपीडी आहे, म्हणजे तुमची चूक नसेल तर तुमच्या गाडीचे पैसे तुमचीच कंपनी देते, समोरच्याच्या कंपनीमागे फिरावं लागत नाही. पण चूक तुमची असेल तर कोलिजन कव्हर लागतंच. आणि बर्फावर तुम्ही मागून ठोकलंत की चूक जवळपास नेहमी तुमचीच धरतात, "रस्ता निसरडा होता" हे कारण चालत नाही, रस्ता निसरडा आहे हे तुम्हाला दिसत होतं ना? एकटेच घसरून खांबाला जाऊन आदळलात तरी तेच. हरीण आडवं आलं आणि धडकलं तर ते कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (ठोकाठोकी सोडून बाकीच्या नुकसानीच्या कव्हरमध्ये) जातं, पण हरणाला चुकवायला म्हणून स्टिअरिंग फिरवून खड्ड्यात गेलात तर ते पुन्हा कोलिजन. नवीन माणसाचा प्रीमियम अंगावर येतो हे मान्य, भारतातला अनुभव बऱ्याच कंपन्या धरत नाहीत, तरी पहिली दोन-तीन वर्षं कोलिजन काढू नका. शिवाय दुरुस्ती चालू असताना भाड्याची गाडी मिळावी म्हणून लॉस ऑफ यूजचं कव्हर असतं, वर्षाला थोडेसेच पडतात, घ्या. जानेवारीत बॉडी शॉपला महिना महिना नंबर लागत नाही, आणि बसस्टॉपवर मायनस तीसमध्ये उभं राहून बघा मग कळेल.

गाडी कुठे दुरुस्त करायची हे तुम्ही ठरवायचं, कंपनी फक्त सुचवू शकते. मेकॅनिककडे जाल तेव्हा ॲम्विकचं (गाड्यांच्या धंद्यावर लक्ष ठेवणारी अल्बर्टातली संस्था) लायसन्स भिंतीवर आहे का बघा आणि एस्टिमेट लेखी मागा. लेखी एस्टिमेट दिलं की तुम्हाला न विचारता बिल दहा टक्के किंवा शंभर डॉलर, यात जे कमी असेल त्याच्यावर नेता येत नाही, आणि कामाला ९० दिवस किंवा ५,००० किलोमीटरची गॅरंटी असते. गॅरेजमध्ये अगदी स्वस्तात करून देणारा "आपला माणूस" प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. ब्रेक आणि सस्पेन्शन त्याच्याकडे देऊ नका, बाकी तुमची मर्जी.

टायर. यावर मी भांडतो, आत्ताच सांगून ठेवतो. "मी पंधरा वर्षं ऑल-सीझनवर चालवतोय, काही होत नाही" म्हणणारे काका प्रत्येक गणपतीला भेटतात. काकांचं ऑफिस घरापासून दोन किलोमीटर आहे. ऑल-सीझनचं रबर साधारण सात डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं, मायनस वीसला ते प्लास्टिकच्या चपलेसारखं होतं. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण असं चिन्ह असेल तोच खरा विंटर टायर. अल्बर्टात सक्ती नाही (क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च आहे), पण बॅन्फच्या पुढे बीसीत (शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात) शिरून रॉजर्स पासच्या घाटाने व्हँकुव्हरकडे जाणार असाल तर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल लागतातच (तिथे कायद्याला एम+एस छापलेले टायरही चालतात). चारही लावा, दोन नको. जुन्या स्टीलच्या रिमसकट घ्या म्हणजे दर वेळी काढ-घाल स्वस्तात होते. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, पहिला स्नो पडल्यावर अख्खं गाव टायरच्या दुकानात असतं. मी कसारा घाटात भर पावसात गाडी चालवलीये असं मीही सांगायचो लोकांना. कसाऱ्याचा इथे काही उपयोग नाही. इथे सिग्नलजवळचा रस्ता सगळ्यात वाईट, कारण थांबलेल्या गाड्यांच्या धुराची वाफ तिथेच गोठते आणि काळ्या डांबरावर काळाच बर्फ, दिसत नाही. सिग्नलच्या अलीकडे जिथे ब्रेक लावावासा वाटतो त्याच्या दुप्पट आधी लावा.

काचेचं. इथे रस्त्यावर वाळू-खडी टाकतात, कारण खूप थंडीत मिठाने बर्फ वितळत नाही. ती खडी उडून काचेवर लागते, बारीक तारा पडतो. तो लगेच भरून घ्या, नाहीतर पुढच्या थंडीत आतून हीटरचा झोत लागला की आडवी चीर जाते. आणि पॉलिसीत ग्लास कव्हर आहे का ते बघून ठेवा. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. मी आंघोळीला गेलो, जावयाची गाडी तयार करून ठेवू म्हणून त्यांनी पातेलंभर कढत पाणी नेलं आणि काचेवर ओतलं. टक् असा आवाज मला बाथरूममध्ये आला. बाहेर येऊन बघतो तर नाना स्वेटरवर, पायात माझ्या स्लिपर, हातात रिकामं पातेलं, आणि काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. दुपारी धड जेवले नाहीत बिचारे. आईवडील यायच्या आधी त्यांना हे फोनवरच सांगा.

बाकी किरकोळ. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली की थंडीच्या आधी तपासून घ्या. काच धुवायचं पाणी मायनस चाळीसवालंच भरा. गाडी रात्रभर बाहेर राहिली की सकाळी टायर चौकोनी झाल्यासारखी धडधडते, एक-दोन किलोमीटरमध्ये ती धडधड जाते, माझ्यासारखं टायरवाल्याकडे धावू नका. डिकीत फावडं, जंपर केबल, जुनं ब्लँकेट, थोडी वाळू. बर्फात अडकून गाडी चालू ठेवून बसायची वेळ आली तर आधी मागचा सायलेन्सर मोकळा करा, नाहीतर धूर आत येतो आणि माणूस झोपेत जातो. गाडी गरम करायला किल्ली आत ठेवून घरात चहा प्यायला जाऊ नका, चोर त्याचीच वाट बघत असतात, रिमोट स्टार्टर बसवून घ्या. आणि रस्त्याच्या कडेला टो ट्रक किंवा बर्फ काढणारी गाडी दिवे लावून उभी असेल तर साठच्या खाली या, दंड मोठा आहे, शिवाय तो माणूस तुमच्यासारख्याच कुणालातरी काढत असतो.

वर म्हटलं होतं ना माणुसकीचं. त्याच वर्षी मार्चमध्ये माझी गाडी आमच्याच गल्लीत बर्फात रुतली, मी चाकं फिरवून आणखी खोल घालत होतो. कोण कुठली दोन माणसं आली, एकाने हाताने खूण केली की स्टिअरिंग सरळ ठेव, दुसऱ्याने मागून ढकललं, गाडी निघाली, मी काच खाली करेपर्यंत ते चालायलाही लागले होते. नावसुद्धा माहीत नाही. तेव्हा कोणी अडकलेला दिसला तर तुम्हीही उतरा, आपले लोक यात जरा कमी पडतात.

शेवटचं, ब्लॉक हीटर. बॉनेटखालून लोंबणारी ती प्लगची वायर म्हणजे काय हे मला पहिले दोन महिने कळलं नव्हतं. मायनस पंधराच्या खाली गेलं की ती लावायची, इंजिन गरम राहतं. रात्रभर नको, टायमर आणा, निघायच्या आधी तीन-चार तास पुरतात. १३ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी तर वीज कमी पडते म्हणून सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, त्या रात्री अर्ध्या शहराच्या वायरी काढलेल्या होत्या. आणि सकाळी निघताना वायर काढा. मी एकदा तशीच निघालो, मागे तीस फूट नारिंगी एक्स्टेन्शन बर्फावर सरपटत, सिग्नलला शेजारच्या बाईने काच खाली करून सांगेपर्यंत.