डॉक्टर आहात आणि हेल्थ आयटीच्या पॉलिसीत जायचंय? मग आधी केसपेपरच्या खिडकीवर बसा

पीजी संपवलेली पोरं-पोरी विचारतात, सर, हेल्थ आयटी पॉलिसीत, म्हणजे दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवरच्या नोंदींचे नियम ठरवण्याच्या कामात जायचंय, कुठला कोर्स करू? कोर्स नंतर बघू, आधी तुमच्या हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीशेजारी आठवडाभर स्टूल टाकून बसा.

मी बसलोय म्हणून सांगतो. आपल्या सोलापुरात एकाच लाइनीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे पेशंट असतात. पूर्व भागातली एक विडी कामगार बाई, पहिल्यांदा आली तेव्हा लक्ष्मीबाई, पुढच्या वेळी लक्ष्मम्मा, तिसऱ्यांदा पोरानं सांगितलं म्हणून नुसतं लक्ष्मी, वय एकदा ५० एकदा ५५, झाले तीन केसपेपर नंबर. सल्फाच्या गोळीनं अंगावर चट्टे उठतात हे पहिल्या नंबरवर लिहिलेलं, माझ्यासमोर उघडला तिसरा, आणि मी तीच गोळी लिहून दिली. बाई वाचली, पण आठ दिवस ॲडमिट होती. एका माणसाचे दोन नंबर झाले तर ते एकत्र कोण करणार, कशावरून करणार, हे कुणीतरी आधी बसून ठरवायला पाहिजे होतं. ते ठरवणं म्हणजेच पॉलिसी, आणि तिथं खिडकी बघितलेला डॉक्टर लागतो.

आता कामाचं. पेशंटच्या आरोग्याच्या नोंदी डिजिटल करून जोडणारं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू आहे, राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवतं. पेशंटला १४ अंकी आभा नंबर, म्हणजे त्याच्या आरोग्य खात्याचा नंबर, डॉक्टरांची वेगळी रजिस्ट्री, दवाखान्यांची वेगळी. भाषण ऐकत बसू नका, स्वतःची नोंदणी करा, दवाखान्याची करा, दहा पेशंटचे आभा स्वतः काढून बघा आणि कुठं अडतंय ते वहीत लिहा. म्हातारीकडं फोनच नसतो, आधारला नंबर पोराचा, पोरगा पुण्यात कंपनीत शिफ्टला, ओटीपी तिकडं जातो आणि म्हातारी इथं बाकड्यावर बसून राहते. असली नोंद मीटिंगमध्ये ठेवली की समोरचे ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

मग भाषा शिका. प्रोग्रामिंग यायलाच पाहिजे असं काही नाही, पण स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांचे कोड), आयसीडी (आजारांच्या वर्गीकरणाचे कोड), लॉइंक (तपासण्यांचे कोड) आणि फायर (एका सिस्टिममधून दुसरीत माहिती पाठवायची पद्धत) म्हणजे काय आणि कुठलं कशाला वापरतात हे पक्कं पाहिजे. एक डॉक्टर लिहितो डीएम, दुसरा टाइप टू, तिसरा नुसतं शुगर, मग जिल्ह्यात डायबेटिसचे पेशंट किती हे कॉम्प्युटर मोजणार कसं? त्यासाठी कोड लागतात. स्नोमेड भारतात फुकट वापरता येतं, त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातल्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेतच आहे.

कायदे मुळातून वाचा, व्हॉट्सॲपवरचा सारांश नको. २०१६ ची ईएचआर (इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड) मानकं, मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्स, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, एवढं तरी. सरकारनं मसुदा हरकती-सूचनांसाठी काढला की एक पानच पाठवा, पण नेमकं: कुठलं कलम, त्यानं कुठला पेशंट अडतो, आणि त्याजागी काय शब्द पाहिजेत. नुसती तक्रार कुणी वाचत नाही, बदललेलं वाक्य तयार करून दिलं तर वाचतात.

डॉक्टरनं हे काम करायचं यात नवीन काही नाही. अमेरिकेत २००४ मध्ये हेल्थ आयटीचं राष्ट्रीय समन्वयक पद तयार झालं तेव्हा पहिले समन्वयक डेव्हिड ब्रेलर हे डॉक्टरच होते, आणि २०१३ पासून तिथं क्लिनिकल इन्फॉर्मॅटिक्सची, म्हणजे उपचारात कॉम्प्युटर आणि माहिती वापरण्याच्या शाखेची, डॉक्टरांसाठी बोर्ड परीक्षाही होते. आपल्याकडं वाट इतकी आखलेली नाही, त्यामुळं हॉस्पिटलच्या आयटी कमिटीत कुणी जात नसेल तर तुम्ही जा. सिस्टर आणि फार्मसीवाल्यांना शेजारी बसवा, नवीन स्क्रीन आधी त्यांच्या हातात द्या, कारण रात्री दोन वाजता ती तेच वापरणार.

आणि ओपीडी सोडू नका हो. आठवड्यातून दोन दिवस तरी ठेवा. मी मध्ये वर्षभर सोडली होती, तेवढ्यात मी मंजूर केलेल्या फॉर्ममध्ये सतरा रकाने झाले होते आणि ॲलर्जीचा रकाना गेला होता पार खाली, स्क्रोल केल्याशिवाय दिसतच नव्हता. परत ओपीडीत बसलो तेव्हा पहिल्याच दिवशी लक्षात आलं, तो रकाना आम्ही नावाच्या शेजारी लाल अक्षरात आणला.