एअर रायफलच्या नळीला जुळणारा छर्रा कसा निवडावा

दहा मीटर नेमबाजीचा छर्रा ४.५ मिमीचाच असला, तरी डब्यांवर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा छापलेला असतो, आणि त्यांतला कोणता घ्यावा हे शेवटी नळीच ठरवते. रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात) पक्की बसवून प्रत्येक मापाचे दहा छर्रे वेगळ्या कार्डावर झाडावेत आणि छिद्रांच्या गटाची बाहेरची रुंदी कॅलिपरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) मोजावी; ज्या मापाचा गट सर्वांत लहान, तेच माप त्या नळीचे. रायफलच्या कार्डावरचा दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असल्याने केसभर फरकही गुण खातो. मागची पातळ कड चेपलेला छर्रा आधीच बाजूला काढावा. ठाण्यात, विशेषतः खाडीकडच्या घरांत, पावसाळ्यात शिशावर पांढरी पूड चढते; असे छर्रे चाचणीला मुळीच घेऊ नयेत, आणि शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.