‘उनिवेर्सितेत’चं शेपूट

कराकल्पाक (उझबेकिस्तानातली तुर्की कुळातली भाषा) आणि इंग्रजीतल्या शिक्षणविषयक शब्दांचा इतिहास हा विषय घेतलाच असेल, तर आधी माझी फजिती ऐका. पहिल्या मसुद्यात मी ‘स्तुदेंत’, ‘लेक्त्सिया’ (व्याख्यान), ‘उनिवेर्सितेत’ बिनधास्त ‘इंग्रजीतून उसने’ या रकान्यात टाकले होते. सेमिनारमध्ये एका बाईंनी एवढंच विचारलं, “नुकुसला, कराकल्पाकांच्या राजधानीत, इंग्रजी पोचवली कोणी? आणि कधी?” माझी बोबडीच वळली.

शब्दाचं शेपूट बघा. इंग्रजीकडून आला असता तर ‘युनिव्हर्सिटी’ असा काहीतरी झाला असता. ‘तेत’ हे शेपूट रशियन आहे. मूळ दोघांचं लॅटिनच, पण इंग्रजीत तो शब्द जुन्या फ्रेंचमधून शिरला आणि कराकल्पाकमध्ये रशियनमधून, सोव्हिएत काळात. ‘लेक्त्सिया’तला ‘त्सिया’ही तसाच. मूळ एक असणं वेगळं आणि उसनं घेणं वेगळं. हे मला कळायला सहा महिने गेले. तयार तक्ते उतरवून काढणाऱ्यांना ते सहा वर्षांतही कळत नाही, आणि ‘छान चाललंय’ म्हणणारे गाइड तर त्याहून घातक.

घाबरू नका, आपल्याला एक फायदा आहे. ‘मेक्तेप’ (शाळा), ‘मुगल्लिम’ (शिक्षक), ‘कालेम’ (लेखणी) हा अरबी-फारसी थर मराठी कानाला परका नाही. तरी सावध. ‘दाप्तेर’ म्हणजे वही, आपलं पाठीवरचं दप्तर नव्हे! अर्थ असे घसरतात. इंग्रजीतला ‘प्युपिल’ही आधी पालकाच्या ताब्यातलं पोरकं मूल होता, विद्यार्थी नंतर झाला.

घरचे तुर्की शब्द मात्र सुटसुटीत. ‘ओकू’ म्हणजे वाचणं आणि शिकणंही. त्यावरून ‘ओकूशी’ विद्यार्थी आणि ‘ओकितूशी’ शिक्षक. आपल्या शिकणे-शिकवणेसारखीच जोडी.

आता लिपी. 1928 पर्यंत अरबी, मग लॅटिन, 1940 पासून सिरिलिक, 1990च्या दशकात पुन्हा लॅटिन, तीही नंतर बदललेली. एकाच लिपीत शोधून ‘हा शब्द तेव्हा नव्हता’ असं लिहू नका. मी लिहिलं होतं, खोडावं लागलं.

रशियन टाळून हा विषय होत नाही, पण निदान सिरिलिक अक्षरं पंधरा दिवसांत येतात. मी तक्ता मेसच्या ताटाशेजारी ठेवायचो. त्यावर आमटीचे डाग अजून आहेत.