कॉलेज फुटबॉल : नवीन कोचचा पहिला सीझन कसा बघायचा

अमेरिकेत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल (हातात बॉल घेऊन खेळतात तो) टीमला नवीन कोच मिळाला की दोन मॅचमध्येच लोक निकाल लावून मोकळे होतात, एकतर डोक्यावर घेतात नाहीतर हाकला म्हणतात. प्लीज असं करू नका, नुसत्या जिंकल्या-हरल्याच्या आकड्यावरून पहिल्या वर्षी फारसं काही कळत नाही.

सगळ्यात आधी त्याच्या हातात काय आलंय ते बघा. गेल्या वर्षीचा रेकॉर्ड, क्वार्टरबॅक (पास टाकणारा, चाल चालवणारा मुख्य खेळाडू) थांबलाय की गेला, आणि ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन, कोण आलं. कर्ट सिग्नेटी २०२४ मध्ये इंडियाना युनिव्हर्सिटीचा कोच म्हणून आला तेव्हा टीम आदल्या वर्षी फक्त ३ मॅच जिंकलेली, तो जेम्स मॅडिसन या आधीच्या कॉलेजमधले स्वतःचे बरेच खेळाडू सोबत घेऊन आला आणि पहिल्याच वर्षी ११ जिंकून थेट प्लेऑफमध्ये (चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्या). त्याची सिस्टीम मुरलेली पोरंच मैदानात होती ना, मग शिकवण्यात वेळ कशाला जाईल.

मग शेड्यूल घ्या. रेग्युलर सीझनच्या १२ मॅच असतात, त्याचे तीन भाग करा, जिंकायलाच हव्यात अशा, अवघड आणि मधल्या. बोलसाठी (रेग्युलर सीझननंतरची मानाची मॅच) साधारण ६ विजय लागतात, त्यामुळे मोडक्या टीमच्या कोचचं पहिलं वर्ष बहुतेक त्या मधल्या मॅचवरच ठरतं.

आता मॅच बघताना, आणि हे खरंच महत्त्वाचं आहे. स्नॅप झाला (बॉल मागे देऊन चाल सुरू झाली) की बॉलकडे बघू नका, पुढच्या पाच ऑफेन्सिव्ह लाइनमनकडे बघा, समोरच्यांना अडवून वाट करून देणारे ते. थर्ड डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), दोन यार्ड बाकी, सगळ्यांना माहितीये की बॉल घेऊन पळणार, तेव्हा ते पाच जण समोरच्याला मागे ढकलतात की जागच्या जागी अडकतात? नवीन कोच डिऑन सँडर्सच्या कोलोरॅडोने २०२३ मध्ये पहिल्या तीनही मॅच जिंकल्या, सगळा देश त्यांच्याबद्दल बोलत होता, पण लाइन कच्ची होती, क्वार्टरबॅक सारखा सॅक होत होता (पास टाकण्याआधीच पाडला जात होता), आणि शेवट ४-८ वर झाला, म्हणजे चार जिंकल्या, आठ हरल्या. लाइनकडे लक्ष ठेवणाऱ्यांना ते सप्टेंबरमध्येच दिसत होतं.

पेनल्टीपण लिहून ठेवा. फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधीच हलणं), डिले ऑफ गेम (वेळेत चाल सुरू न करणं) हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होणारच, सिग्नल नवीन, सगळंच नवीन. पण ऑक्टोबर संपत आला तरी तेच चालू असेल तर तो कोचिंगचा प्रॉब्लेम आहे. हाफटाइमनंतरची पहिली ड्राइव्हसुद्धा (बॉल आपल्याकडे असताना सलग केलेली चढाई) नीट बघा, स्टाफने मधल्या वेळात काही बदललं का ते तिथे कळतं.

टर्नओव्हरवर (बॉल समोरच्या टीमच्या हाती जाणं) मात्र लगेच मत बनवू नका. बॉल टोकदार, फंबल झाल्यावर, म्हणजे हातातून सुटल्यावर, कुणीकडे उडेल याचा नेम नाही, त्यामुळे एका वर्षी फंबल आपल्याकडे पडले म्हणून टीम सुधारली असं होत नाही. एका स्कोअरच्या, म्हणजे थोडक्या फरकाने जिंकलेल्या-हरलेल्या मॅचचंही तेच. त्यापेक्षा यार्ड्स पर प्ले, म्हणजे एका चालीत सरासरी किती यार्ड मिळाले, ते बघा, आपले किती आणि समोरच्याचे किती.

नोव्हेंबरमध्ये धीर सोडू नका. निक सेबनचं अलाबामातलं पहिलं वर्ष आठवा, २००७. सुरुवात ६-२, मग ओळीने चार हरले, त्यात घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रो या छोट्या टीमकडून २१-१४, आणि बोल जिंकून सीझन ७-६ वर संपला. पुढच्या वर्षी त्याच कोचने रेग्युलर सीझनच्या बाराच्या बारा जिंकल्या आणि २००९ ला नॅशनल चॅम्पियनशिप!

ही चाहूल कुठे लागली असती? रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे हायस्कूलमधून खेळाडू घेण्यात. २००८ च्या फेब्रुवारीत त्याने हुलिओ जोन्स, मार्क इंग्रॅम अशी पोरं साइन केली. म्हणून शेवटची मॅच झाली की टीव्ही बंद करू नका, आता बरीचशी साइनिंग डिसेंबरमध्येच होते, तेव्हा हायस्कूलचे किती लाइनमन घेतले ते बघा, आणि पोर्टल उघडल्यावर आपले चांगले स्टार्टर (सुरुवातीपासून मैदानात असणारे) थांबले की निघाले तेही बघा.