गॅस न पेटवता झणझणीत क्रॅकर्स

पार्टीला काहीतरी चटपटीत हवंय पण तळत बसायचा जाम कंटाळा आलाय, तर हे करा. अमेरिकेच्या दक्षिण भागात यांना फायर क्रॅकर्स म्हणतात. शिजवायचं काहीच नाही, साधी खारट क्रॅकर बिस्किटं मसाल्याच्या तेलात मुरवायची, बास. पण मुरवायची म्हणजे खरंच मुरवायची, रात्रभर, कारण तासाभरात डबा उघडलात तर नुसती तेलकट बिस्किटं हाताला लागतील आणि मग मला नावं ठेवाल.

साधारण 200 ग्रॅम क्रॅकर्सना अर्धा कप म्हणजे 120 मिली तेल पुरतं. बिस्किटं चौकोनी, पातळ, भोकं असलेली घ्या, त्या भोकांतून तेल आत जातं. क्रीमवाली किंवा गोडसर अजिबात नकोत. तेल वास नसलेलं रिफाइंड, सूर्यफूल वगैरे चालेल. बटर वापरू का असं बरेच जण विचारतात, तर नको, त्यात पाणी असतं त्यामुळे बिस्किटं मऊ पडतात आणि गार झालं की वर पांढरा थर धरतं.

मसाल्यात एक मोठा चमचा चिली फ्लेक्स (झणझणीत हवं तर दीड), एक एक छोटा चमचा गार्लिक पावडर आणि ओनियन पावडर, अर्धा छोटा चमचा मिरपूड, आणि असेल तर थोडं सुकं पार्सली किंवा ओरेगानो. मीठ आधी घालूच नका, बिस्किटांना असतंच, आणि शेवटी कमी वाटलं तर अगदी बारीक वाटून भुरभुरवा, कारण मीठ तेलात विरघळत नाही, जाडं असलं की खाली बसतं आणि एकच बिस्किट खारट लागतं. ताजी लसूण ठेचून घालायचा मोह होईल पण इथे नाहीच घालायची. एक तर तिच्या पाण्याने सगळं सादळतं, आणि कच्ची लसूण तेलात घालून बाहेर ठेवली तर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात, त्यात गंमत नाही.

आता तेलात मसाला कालवा आणि दहा मिनिटं ठेवा. चव घेऊन बघाल तर वाटेल, छे, काहीच तिखट नाही, म्हणून लगेच अजून मिरची ओतू नका!! मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिनमुळे असतो, ते पाण्यात जवळपास विरघळत नाही पण तेलात हळूहळू उतरत राहतं, त्यामुळे सकाळी तेच तेल चांगलं ठसका लावणारं झालेलं असतं.

घट्ट झाकणाचा पसरट डबा घ्या, बिस्किटं उभी रचा, वरून तेल चमच्याने सगळीकडे सोडा. सोडताना दर वेळी ढवळा, मसाला तळाशी पळतो. मग झाकण लावून डबा हलक्या हाताने उलटा करायचा, पहिला तासभर दर दहा-पंधरा मिनिटांनी, नंतर आठवेल तेव्हा. खळखळ हलवलात तर चुरा होणार. सुरुवातीला तळाला तेलाचं तळं दिसतं आणि वरची बिस्किटं कोरडी असतात, हळूहळू ते तळं आटतं आणि बिस्किटांचा रंग एकसारखा गडद होतो, तो दिसला की झालं समजा.

इथवर झालं तरी खाऊ शकता, पण ओव्हन असेल तर ट्रेमध्ये एका थरात पसरून 120 अंश सेल्सिअसवर 15 ते 20 मिनिटं ठेवा. तेलकटपणा कमी जाणवतो आणि कुरकुरीतपणा असा येतो की तुकडा मोडताना कट्ट आवाज होतो. माझं मत विचाराल तर ही पायरी सोडू नका, फक्त कडेला लक्ष ठेवा, चिली फ्लेक्स काळे पडले की कडू लागतात.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की सगळी मेहनत सादळली. हवाबंद डब्यात आठवडाभर मस्त राहतात, खवट वास यायला लागला तर मात्र टाकून द्या. पार्टीत सोबत क्रीम चीज किंवा दह्याचं डिप ठेवा, कारण तोंड भाजलं की पाण्याने काही होत नाही, दुधाचे पदार्थच कामाला येतात. आणि डब्याच्या तळाशी उरलेला तिखट चुरा फेकू नका, गरम सूपवर घालून बघा.