जुन्या केसमुळे अडकलेलं विमा एजंटचं लायसन्स असं सुटलं

विमा एजंटच्या लायसन्ससाठी केलेला माझा अर्ज पार्श्वभूमी तपासणीत अडकला. कारण १२ वर्षांपूर्वीची मारामारीची केस. त्यात मी निर्दोष सुटलो होतो, म्हणून 'गुन्हा सिद्ध झाला आहे का?' इथे 'नाही' लिहिलं. ते बरोबरच होतं. पण खालच्याच ओळीत बारीक अक्षरात 'कधी आरोप ठेवले गेले होते का?' असं विचारलं होतं आणि तिथेही मी घाईघाईत 'नाही'वर खूण केली. घोळ झाला तो इथे. त्यातून पोलिसांच्या नोंदीत केस दिसत होती, निकाल मात्र चढलाच नव्हता.

मग कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत काढली. सही-शिक्क्याची; माझी झेरॉक्स आधी परत आली होती. सोबत एका पानाचा खुलासा जोडला: काय घडलं, निकाल काय लागला, अर्जात चूक कशी झाली. दुरुस्त अर्ज दिल्यावर तीन आठवड्यांत लायसन्स हातात आलं.

लोकांचे हप्ते आणि खाजगी कागद एजंटच्या हातातून जातात, त्यामुळे ही चौकशी कडकच हवी असं मला मनापासून वाटतं. केस जुनी असेल तर अर्ज भरण्याआधीच प्रमाणित प्रत काढून ठेवा. आणि नाव बदललेलं असेल तर आधीचं नावही लिहा.