मेमधले वाढदिवस गावी करायचे असतील तर

माझा वाढदिवस 11 मेला. म्हणजे शाळेच्या दहा वर्षांत एकदाही रंगीत फ्रॉक घालून वर्गात चॉकलेटं वाटायला मिळाली नाहीत. डोंबिवलीच्या आमच्या वर्गात अशा आणखी दोघी होत्या, एक 2 मेची आणि एक 18 मेची. निकाल लागायचा, सुट्टी पडायची आणि ज्या त्या आपापल्या गावी. वाढदिवसाला मैत्रीण समोर असणं आम्हाला मिळालं ते चाळिशी ओलांडल्यावर. 2017 पासून आम्ही तिघी, आणि बरोबर ज्यांना जमेल ते, मे महिन्यात माझ्या चुलत्यांकडे राजापूर तालुक्यात आडिवऱ्याजवळच्या वाडीत जातो आणि तिन्ही वाढदिवस एकाच संध्याकाळी करतो. 2020 आणि 2021 हुकलं, बाकी वर्षं नाही. गावी घर असलेल्या पुष्कळांना असं करावंसं वाटतं आणि ‘तिथे सगळं कसं जमायचं’ म्हणून राहून जातं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

तारखेपासून सुरुवात करा, आणि ती 5 ते 15 मेच्या मधलीच धरा. तेव्हा झाडावर शेवटचा हापूस असतो, फणस पिकलेला असतो, करवंदं काळी झालेली असतात आणि पाऊस लांब असतो. 2025 मध्ये एका मैत्रिणीची रजा अडकली म्हणून आम्ही 22 मेपर्यंत पुढे गेलो. त्या वर्षी पावसाने मृगाची वाट पाहिली नाही, मेमध्येच कोकणात आला. पहाटे तीनला पत्र्यावर ताशा वाजायला लागला आणि काकूची हाक आली, “पोळी उचला गं!” खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आंबापोळीची अकरा ताटं तशीच राहिली होती. अंधारात, भिजत, एकेक ताट पडवीत आणलं. सात वाचली, चार गेली. चार ताटं म्हणजे तिघा माणसांचं दोन दिवसांचं काम. तेव्हापासून 15 मेची रेघ आम्ही ओलांडत नाही.

तारीख ठरली की घरी विचारायचं, आणि विचारायचं ते काकूला. काका ‘या की’ म्हणणारच. पण चूल, पाणी, अंथरुणं तिच्या माथी असतात. शिवाय मे महिना आपल्याला सुट्टीचा असला तरी गावातल्या घराला वर्षभरातल्या सगळ्यात घाईचा असतो. आमसुलांना पुटं द्यायची असतात, म्हणजे ती पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवायची असतात, आंबापोळी-फणसपोळी घालायची असते, लाकूडफाटा भिजायच्या आत पडवीत रचायचा असतो, कौलं परतून घ्यायची असतात. म्हणून फोनवर ‘आम्ही येऊ का’ एवढंच विचारू नका. ‘आठवड्यात कोणती कामं काढली आहेत, आणि त्यातलं आम्ही काय करू’ असं विचारा. गेल्या वेळी आमच्या वाट्याला लाकडं आली. सकाळी दीड तास आठ जणांनी रांग करून ती हातोहात पडवीत पोचवली. काकांना ते एकट्याने करायला आठवडा लागला असता. त्या दिवशी जेवताना आम्ही पाहुणे नव्हतो, आणि काकूच्या वागण्यातही तो मोकळेपणा दिसला.

माणसं किती न्यायची हे विहीर ठरवते. आमच्या विहिरीला मेमध्ये एवढंच पाणी असतं की सकाळी पंप वीस मिनिटं चालतो, मग पाझरून वर यायला दुपार होते. घरात संडास एक. या हिशोबाने आम्ही आठाच्या वर जात नाही. आंघोळीला माणशी एक बादली, आणि ती चुलीवरच्या हंड्यातल्या पाण्याची. केस धुवायचे ते घरूनच धुऊन यायचं. ही गोष्ट निघण्याआधी सगळ्यांना स्पष्ट सांगा, विशेषतः ज्यांनी गाव पाहिलेलं नाही त्यांना. आधी सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही. तिथे पोचल्यावर सांगितलं तर सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही अवघड होतं.

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी सुटतं. 9 मेला निघायचं तर 10 मार्चला सकाळी आठला मोबाईल हातात घेऊन बसायचं. मेच्या कोकण गाड्या बघता बघता भरतात. आम्ही मांडवी एक्स्प्रेस धरतो, दुपारी रत्नागिरीला उतरतो आणि तिथून पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी असा किनाऱ्याचा रस्ता धरून आडिवरे. नकाशावर राजापूर रोड स्टेशन आहे म्हणून तिकडचं तिकीट काढू नका. ते राजापूर गावापासूनही लांब आहे आणि आमच्या बाजूला तर फारच आडवळणी.

सामानात केक नको. आम्ही पहिल्या वर्षी डोंबिवलीहून क्रीमचा केक नेला होता, बर्फाच्या डब्यात घालून. रत्नागिरीच्या फलाटावर डबा उघडला तेव्हा आत गुलाबी पाणी होतं. फुगे आणि चमकीही नको. गावात घंटागाडी येत नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा सारवलेल्या खळ्यात रुततो, तिथून पावसात पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात जातो, नाहीतर गुराच्या पोटात. त्याऐवजी चहा पावडर, साखर, तेल, तूरडाळ, आंघोळीचे साबण आणि प्रत्येकी एक चांगला टॉर्च न्या. किराणा आपला असला की काकूला वाण्याकडे दोन हेलपाटे कमी पडतात.

आता केकच्या जागी काय, तर सांदण, म्हणजे फणसाच्या रसात तांदळाचा रवा घालून वाफवलेला गोड पदार्थ. त्यासाठी बरका फणस लागतो, कापा नव्हे. काप्याचे गरे कडक, करकरीत, ते खायला छान. बरक्याचे गरे मऊ, बिलबिलीत, घशाखाली घसरणारे, आणि रस निघतो तो त्यांचाच. पिकलेला फणस थापटला की बद्द आवाज येतो, काटे पसरट होतात, आणि वास तर तुम्हाला वाड्याच्या बाहेरूनच बोलावतो. खाली गोणपाट अंथरा, हातांना आणि कोयत्याला खोबरेल तेल चोपडा. तेल लावायला विसरलात तर चीक दोन दिवस बोटांवर राहतो, साबणाने जात नाही, पुन्हा तेलानेच काढावा लागतो. गरे आठळ्यांपासून, म्हणजे बियांपासून सोडवायचे आणि मोठ्या चाळणीवर तळहाताने घासायचे. धागे वर राहतात, खाली सोनेरी रस पडतो. हे काम मुलांना द्या. आमच्याबरोबर आलेली दहा वर्षांची मुलगी, घरी फणसाच्या वासाने नाक मुरडणारी, चाळणीपाशी अर्धा तास बसली होती आणि मधून मधून मनगट चाटत होती.

दोन वाट्या तांदळाचा जाडसर रवा मंद आचेवर नुसता गरम होईल इतका भाजायचा, लाल होऊ द्यायचा नाही. त्यात दोन वाट्या रस, एक वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी नारळाचं दूध आणि चिमूटभर मीठ. फणस फार गोड निघाला तर गूळ पाऊण वाटी पुरे, म्हणून आधी रस चाखून बघा. हे तासभर झाकून ठेवायचं. रवा रस पितो, मिश्रण घट्ट होतं, मग पुन्हा थोडं नारळाचं दूध घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करायचं. काकू सोडा घालत नाही आणि मलाही तसंच आवडतं, फणसाची चव स्वच्छ लागते. काठाच्या ताटात केळीचं पान घालून दीड बोट जाडीचा थर ओतायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचं. हळदीचं पान घालायचा मोह होईल, पण मेमध्ये हळद जमिनीतून वर आलेली नसते. ते पान गणपतीतल्या पातोळ्यांसाठी. सुरी घालून कोरडी आली की ताट उतरवायचं आणि पूर्ण निवू द्यायचं. गरम कापलं तर सुरीला चिकटून येतं.

आम्ही तीन मापांची तीन ताटं करतो, मोठं, मधलं, लहान, आणि एकावर एक ठेवतो. तिघींचे तीन थर. वर ओले काजूगर शिल्लक असतील तर ते, आणि भोवती करवंदं. खायला देताना वर तूप किंवा नारळाचं गोड दूध. बारा-तेरा माणसांना पुरतं, म्हणजे घरचे, आपण आणि शेजारघरचे. शेजारच्यांना बोलावणं विसरू नका. वाडीत एका घरी दिवा लागला आणि शेजारच्या घरी निरोप गेला नाही, असं होत नाही.

हे सगळं खळ्यात करायचं, पण खळं दिवसा वाळवणाचं असतं. संध्याकाळी पाचच्या पुढे, वाळवण उचलून झालं की मगच तिथे सतरंज्या पडतात. वर झावळ्यांचा मांडव असतो, त्यातून उतरतं ऊन येतं. सजावट म्हणून आंब्याचे टाळे आणि पाटाभोवती रांगोळी पुरते. मेणबत्त्या वाऱ्याला टिकत नाहीत, आणि दिवा फुंकून विझवणं काकूला आवडत नाही. म्हणून आम्ही औक्षण करतो.

त्याची तयारी सकाळीच करून ठेवा, कारण ऐन वेळी सुपारी सापडत नाही. तबकात निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. ज्याचा वाढदिवस तो पाटावर, पूर्वेकडे तोंड करून, डोक्यावर टोपी किंवा पदर. आधी कुंकू आणि अक्षता, मग अंगठी-सुपारी चेहऱ्याभोवती ओवाळायची, मग निरांजन. गावात हे सगळ्यांना येतं, पण शहरातून आलेल्या मैत्रिणींच्या हातून करून घ्या. माझं औक्षण 18 मेवाली करते, तिचं 2 मेवाली, तिचं मी. शाळेतल्या चॉकलेटांची भरपाई त्या तबकात होते, हे मी मनापासून सांगते.

आणि त्याच पाटावर घरातल्या अशा माणसाला बसवा ज्याचा वाढदिवस कधीच झालेला नाही. प्रत्येक गावातल्या घरात असं कुणीतरी असतं. काकांच्या कागदावर जन्मतारीख 1 जून आहे. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. आजी एवढंच सांगायची की आंबे संपत आले होते तेव्हा तू झालास. म्हणजे तेही मेचेच! 2018 मध्ये मी त्यांना म्हटलं, “काका, तुम्हीही बसा.” ते नको नको म्हणत आत गेले. आम्हाला वाटलं, गेले ते गेलेच. थोड्या वेळाने बाहेर आले ते इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून. काकूने ओवाळलं. निरांजन खाली ठेवल्यावर त्यांनी सुपारी उचलून हातात घेतली. तळहातावर फणसाच्या चिकाचे काळे डाग होते. ती सुपारी ते रात्री जेवेपर्यंत मुठीत धरून होते. आता सगळ्यात आधी पाट त्यांचा असतो, मग आमचा.

दुसऱ्या दिवसाची आखणी सैल ठेवा. सकाळी कशेळीचा कनकादित्य किंवा आडिवऱ्याची महाकाली, ऊन चढायच्या आत परत. संध्याकाळी गावखडीचा किनारा, सुरूच्या बनाला लागून. पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटी तिथल्याच माणसाला विचारा. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. मासे खायचे असतील तर तेही मेमध्येच, 1 जूनपासून यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते.

रात्री खळ्याच्या बाहेर पाऊल टाकताना टॉर्च आणि बंद बूट, मग अंतर दहा पावलांचं का असेना. आमच्या भागात फुरसं, म्हणजे विषारी साप, पुष्कळ. लहान असतं, वाळक्या पानांत दिसत नाही. लाकडं रचतानाही हात घालण्याआधी काठीने हलवून घ्यायचं. मुलांना पहिल्याच संध्याकाळी हे समजावा. फोनला रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर येते. घरी कळवायचं असेल तर दिवसाउजेडी वर जाऊन या.

निघायच्या दिवशी पैशांचं. ‘किती झाले’ असं काकांना विचारू नका, ते दुखावतात. आम्ही आठ जण माणशी ठरलेली रक्कम आधीच गोळा करतो, काकूची खण-नारळाने ओटी भरतो आणि पाकीट त्या ओटीत ठेवतो. ओटी ती परत करत नाही.

ती आपल्याला पिशवी भरून देते. आमसुलं, आंबापोळीची गुंडाळी, आणि तळाशी मातीत घोळलेल्या आठळ्या. त्या घरी आल्यावर धुऊ नका, तशाच कोरड्या जागी टोपलीत ठेवा, श्रावणापर्यंत टिकतात. आम्ही पहिली मूठ 1 जूनला भाजतो आणि काकांना फोन लावतो. तोवर घरातले कौलं परतून खाली उतरलेले असतात.